शरणप्पांची सवलत

उमरग्याच्या बाजारात भाजीवालीनं वरून टाकलेला कढीपत्ता परत देणारा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा शेजारी आहे. शरणप्पा पिशवीत हात घालून ती काडी बाहेर काढतात, टोपलीत ठेवतात आणि म्हणतात, "ह्येचं पैसं धरलं न्हाईस तू." ती बिचारी म्हणते, "अप्पा, कढीपत्त्याचं कुणी पैसं घेतंय का?" त्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच नको." मागं उभ्या असलेल्या आम्हा बायकांची मग पंचाईत होते, कारण आम्ही कढीपत्ता तर घेतलेला असतोच, वर कोथिंबिरीसाठी हात पसरलेला असतो.

अप्पांचं हायवेवरून आत वळल्यावर भांड्यांचं दुकान आहे. दुकान आता मुलगा मल्लिकार्जुन आणि सून बघतात. अप्पा शेजारच्या खुर्चीत बसून काळजी करतात. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल आणि चेहरा असा की आत ऑपरेशन चाललंय आणि हे बाहेर बाकावर बसलेत. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि दोन्हीकडे चालणारं त्यांचं एक पेटंट वाक्य, "यल्ला सरी, पण..." म्हणजे सगळं ठीक आहे, पण. हा 'पण' आला की समोरच्यानं बूड टेकायला जागा शोधावी. मी नवी स्कूटी घेतली तेव्हा सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले. अप्पा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "यल्ला सरी, पण तुमी पडलाव तर शाळंत मुलांस्नी कोण शिकवणार?" मी इथल्या हायस्कूलात विज्ञान शिकवते. त्या दिवसापासून स्पीडब्रेकर दिसला की मला आधी अप्पा आठवतात आणि मग ब्रेक.

फुकटाची त्यांना एवढी धास्ती का, हे त्यांच्या दुकानात तासभर बसलं की कळतं. आमच्याकडे लग्नात भांडी देतात ती नाव घालून. तांब्या असो की घागर, वर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, अमुक यांजकडून सप्रेम भेट. अप्पांनी उभा जन्म ती नावं घातली. कुणी कुणाला काय दिलं आणि त्यानं पुढच्या लग्नात काय परत केलं, हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यामुळं त्यांच्या लेखी भेट अशी वस्तूच जगात नाही. "आहेर म्हंजी परत न्यायला कुणीतरी येणार हाय," असं ते म्हणतात. मी शेंगदाण्याच्या चटणीची वाटी पाठवली तर माझे हात कोरडे व्हायच्या आत ती वाटी काहीतरी भरून परत येते. मग मला पुन्हा काहीतरी पाठवावं लागतं. एकदा मी कंटाळून वाटीच ठेवून घेतली, तर ते ताट घेऊन आले.

अशा माणसाच्या नातीला विद्यार्थी सवलत मिळाली.

मल्लिकार्जुनची भाग्यश्री, आमची भागू, हुशार पोरगी. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. लॅपटॉप हवा होता. तिनं मोबाईलवर जाहिरात शोधून काढली. सोलापूरच्या एका मोठ्या दुकानात विद्यार्थ्यांसाठी किमतीत सूट, वर एक गिफ्ट कार्ड, सवलतीची मुदत प्रवेशांचा हंगाम संपेपर्यंत. घरात आनंदीआनंद झाला. अप्पा तो मोबाईल पाटावर मूर्ती न्यावी तसा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आले.

"मास्तरीणबाई, ह्ये सवलत का देयलेत?"

"विद्यार्थी आहे म्हणून, अप्पा."

"विद्यार्थी तर लई हायत. आपल्या पोरीनं तेंचं काय केलंय?"

"काही केलं नाही. आज विद्यार्थ्यांना स्वस्तात दिलं तर उद्या नोकरीला लागल्यावर हेच लोक त्यांच्याकडून वस्तू घेतात. धंदा आहे तो."

"आन् ह्ये कार्ड?"

"ती सूट नव्हे. सूट आत्ताच किमतीतून वजा होते. कार्ड नंतर येतं. त्यातली रक्कम त्यांच्याच दुकानात, दुसऱ्या वस्तूवर, मुदतीच्या आत खर्च करायची. रोख मागितली तर मिळत नाही."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. पचवत होते. मग म्हणाले, "यल्ला सरी, पण पोरगी नापास झाली तर?"

मी हसले नाही. शिक्षिकेला असले प्रश्न ऐकायची सवय असते. मी सरळ सांगितलं की नापास होण्याचा आणि सवलतीचा काडीचा संबंध नाही. अप्पांनी मान डोलावली. त्यांची मान डोलावणं आणि पटणं यांची कधी गाठ पडत नाही, हे मला ठाऊक होतं.

खरेदीला मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. एसटीत अणदूर येईपर्यंत अप्पा बोलले नाहीत. अणदूर माझं माहेर. तिथं गाडी थांबल्यावर मी खिडकीतून ओळखीचं कोण दिसतंय का बघत होते, तर ते एकदम म्हणाले, "कंपनी चौकशीला मानूस पाठवती का वो?" भागूनं कपाळाला हात लावला.

दुकान म्हणजे काचेचा महाल. भिंतभर टीव्ही चालू, आणि सगळ्यांवर एकच बाई एकच भाजी चिरत होती. काजल नावाची विक्रेती मुलगी आमच्या वाट्याला आली, बोलायला गोड आणि पायांना चाकं लावलेली. तिनं प्रवेशाची पावती पाहिली, आधार कार्ड पाहिलं. सवलत ठरावीक लॅपटॉपवरच होती, ते दाखवले. बँकेच्या कार्डाची वेगळी सूट होती, पण ती विद्यार्थी सवलतीवर चालत नव्हती, दोहोंतली एकच घ्यायची. बाकीची गिऱ्हाइकं यावर वाद घालत होती. अप्पांना मात्र हायसं वाटलं. "ब्येस झालं. एकाचंच ओझं."

आणि मग जे व्हायचं ते झालं. अप्पांनी काजलला विचारलं, "बाळ, ह्ये पोरगी पुडं शिकली न्हाय तर?" ती एका हातानं बिल करत होती, दुसऱ्या गिऱ्हाइकाला किंमत सांगत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, विद्यार्थी असणं कंपल्सरी आहे." झालं. तिला म्हणायचं होतं आज, खरेदीच्या वेळी. ती लगेच तसं बोललीही, "आत्ता आहेत ना त्या? मग काही प्रॉब्लेम नाही." पण अप्पांच्या कानाचं दार 'कंपल्सरी'वरच बंद झालं होतं. परतीच्या गाडीत लॅपटॉपचं खोकं मांडीवर घेऊन ते नळदुर्गपर्यंत तोच शब्द पुटपुटत होते.

घरी आल्यावर त्यांनी जो उद्योग केला तो जगात फक्त आमच्या उमरग्यात आणि तोही भांड्याच्या दुकानातच होऊ शकतो. लॅपटॉपचं झाकण धातूचं होतं. धातूची वस्तू द्यायची आणि तीही बिननावाची? अप्पांनी नाव घालायचं मशीन काढलं, चष्मा नाकावर ओढला आणि कर्रर्र आवाज ऐकून सून बाहेर येईपर्यंत काम फत्ते केलं होतं. मोत्यासारख्या अक्षरांत झाकणाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'कु. भाग्यश्री हीस शिक्षणासाठी. शरणप्पा उमरगेकर व सोलापूरचे दुकानदार यांजकडून.'

मल्लिकार्जुन डोकं धरून खालीच बसला. भागूचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं नाव एक वेळ ठीक आहे. दुकानदार कशाला?"

"थोडी किंमत तेनी सोडलीय न्हवं? मग आहेर दोगांचा. येकट्याचं नाव घालनं लबाडी व्हती."

भागू तो लॅपटॉप घेऊन पुण्याला गेली. तिथल्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव 'सोलापूरचे दुकानदार' पाडलं असं तिनं फोनवर सांगितलं, आणि आम्ही पोट धरून हसलो. अप्पा सोडून.

पुढं काही आठवड्यांनी गिफ्ट कार्ड आलं. कार्ड म्हणजे तरी काय, अप्पांच्या मोबाईलवर एक मेसेज आणि लांबलचक नंबर. मी म्हटलं काहीतरी घेऊन टाका. ते म्हणाले, "वापरलं की मिंधं झालो." मग दुकानाचे मेसेज सुरू झाले. तुमच्या गिफ्ट कार्डाची मुदत संपत आली आहे, त्वरा करा. असा मेसेज आला की अप्पा तो घेऊन माझ्या दारात. घाम फुटलेला. "बाई, तगादा सुरू झाला." तगादा नाही, जाहिरात आहे, हे मी त्यांना शाळेत सांगते तसं फळ्यावर काढून सांगायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा रोजचा फोन. पूजा आटोपली की अप्पा अंगणात येऊन भागूला फोन लावायचे. फोनवर ते ओरडून बोलतात, पुणे लांब आहे म्हणून. त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. "अब्यास हाय न्हवं? पास हुशील न्हवं? कंपल्सरी हाय बग बाळ. तेंचं नाव हाय आपल्या वस्तूवर." सुरुवातीला पलीकडून हसणं ऐकू यायचं. मग हसणं कमी झालं. मग नुसतं "हो अप्पा." मग एकेक दिवस फोनच लागायचा नाही आणि अप्पा हातातल्या मोबाईलकडे बघत तुळशीपाशी उभे राहायचे. त्यांना असं उभं पाहिलं की मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

दिवाळीला भागू घरी आली ती ओळखू येईना. डोळे खोल गेलेले. पाडव्याला माझ्याकडे फराळाचं ताट घेऊन आली आणि चकली मोडत बसून राहिली. खात नव्हती, नुसती मोडत होती.

"काकू, गणित जमत नाहीये. सगळं डोक्यावरून जातं. परीक्षा जवळ आलीय."

"अगं, पहिल्या वर्षी सगळ्यांचं होतं. एखादा विषय राहिला तर पुन्हा देता येतो."

"माहितीये. पण अप्पा..." ती थांबली. "मला कळतं हो, सवलत कुणी परत मागत नाही. पण ते रोज विचारतात. आता मलाच वाटायला लागलंय की मी कुणाचं तरी काहीतरी देणं लागते. अभ्यासाला लॅपटॉप उघडायचा तर आधी ते नाव दिसतं. मग छातीत धडधडतं आणि मी तो बंद करते. झोप येत नाही काकू."

विज्ञान शिकवते म्हणून सांगते, भीती लागण होणारी गोष्ट आहे. अप्पांची भीती फोनच्या तारेतून, आता तारही उरली नाही म्हणा, पण जशी जाईल तशी पुण्याला पोहोचली होती आणि त्या पोरीच्या छातीत घर करून बसली होती. त्या क्षणी मला अप्पांचा असा संताप आला की ताट तिथंच टाकून मी शेजारी गेले.

अप्पा ओसरीवर पणत्यांच्या वाती सारख्या करत बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जरा जास्तच आवाजात सांगितलं. "तुमच्या त्या सवलतीपायी पोरीची झोप उडालीय. नापास झाली तर ती गणितानं नाही होणार, तुमच्या धाकानं होईल. आणखी थोडे दिवस असंच चाललं तर पोरगी अंथरूण धरेल, समजलं?"

मला वाटलं, आता 'पण' येईल. आला नाही. अप्पांनी वात सोडून दिली. तेलकट हात तसेच धोतराला पुसले, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. "माज्यामुळं?" एवढंच म्हणाले. मग उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं. सून म्हणाली, जेवले नाहीत.

भागू परत पुण्याला गेली. निघताना अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परीक्षेचा शब्दही काढला नाही. त्याचीही तिला भीतीच वाटली असावी, कारण वळून वळून बघत ती रिक्षात बसली.

दुसऱ्या सकाळी अप्पा दारात उभे. इस्त्रीचं धोतर, हातात पिशवी. "चला बाई, सोलापूरला."

"कशाला?"

"सवलत परत करायची."

त्यांना समजवायचा प्रयत्न मी स्टँडपर्यंत केला. मग गाडी आली आणि मीही चढले. या अवस्थेत त्यांना एकटं कसं सोडणार?

दुकानात काजलनं आम्हाला ओळखलं. अप्पांनी तिच्यासमोर पैशांची पिशवी ठेवली आणि हात जोडले. "बाळ, तवा जेवढी किंमत सोडली तेवडी घ्या. आन् ते कार्ड बी परत घ्या. पोरीला मोकळं करा."

तिला काहीच कळेना. ती मॅनेजरला घेऊन आली. चांगला माणूस होता, पोक्त, कानशिलावरचे केस पिकलेले. मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. तो हसायला लागला आणि अप्पांचा चेहरा बघून मध्येच थांबला.

"आजोबा, दिलेली सूट परत घ्यायची सोयच नाही हो आमच्याकडे. कॉम्प्युटर घेतच नाही."

"द्येता येतंय आन् घेता येत न्हाय? असला कसला धंदा?"

"विद्यार्थी असल्याचं खरेदीच्या दिवशी बघतो आम्ही. पुढं कोण पास झालं, कोण नापास, आम्हाला काय करायचंय? आणि कार्डाचं म्हणाल, तर ते वापरून टाका. शिल्लक शून्य झाली की तुमचं आमचं काही राहिलं नाही."

"काय बी न्हाय?"

"काही नाही."

अप्पा कार्ड संपवायला निघाले. एवढं मोठं दुकान, पण त्यांना स्वतःसाठी घ्यायला काही सुचेना. मिक्सरपाशी गेले, घरात आहे म्हणाले. रेडिओपाशी थांबले, कोण ऐकणार म्हणाले. गौराक्का, म्हणजे त्यांची बायको, गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्यामागं त्यांनी स्वतःसाठी काही विकत घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. फिरून फिरून ते काजलपाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ, त्या व्हिडिओच्या फोनवर बोलताना हात थरथरतोय माजा. पोरगी म्हनती, अप्पा, तुमचं कपाळच दिसतंय. त्येला काय मिळतंय का?"

काजलनं मोबाईलचा एक स्टँड आणून दिला. उरलेल्या रकमेत बसतील अशा आणखी एकदोन वस्तू तिनंच निवडल्या, भागूसाठी इअरफोन वगैरे. शिल्लक शून्य झाल्याचं तिनं पडद्यावर दाखवलं. अप्पांनी ते शून्य नीट न्याहाळलं.

"आता फोन लावा," ते मला म्हणाले. "हितंच."

काउंटरवर स्टँड मांडला, त्यात मोबाईल बसवला. भागूचा चेहरा पडद्यावर आला, मागं हॉस्टेलची कॉट. "अप्पा? कुठं आहात तुम्ही? काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता. अप्पांनी मॅनेजरचा दंड धरून त्याला मोबाईलसमोर उभं केलं. "सायेब, सांगा तिला. आता मला सांगितलं तसंच."

मॅनेजरनं टाय सारखा केला. इकडं गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली होती. "नमस्कार ताई," तो म्हणाला. "मी दुकानातून बोलतोय. तुम्ही पास व्हा, नापास व्हा, आमचं काही म्हणणं नाही. तुमच्याकडून आम्हाला काहीही येणं नाही. आजोबांनी येऊन सगळं मिटवलंय."

मग अप्पा पुढं झाले. वाकून नाही, ताठ उभे राहिले.

"ऐकलंस न्हवं बाळ? म्या तुला लई भ्या घातलं. चुकलं माजं. आता पेपर दे, जमंल तेवडा दे. न्हाई जमला तर पुना दे. तिथं जीवच रमंना झाला तर घरी ये. कुनाचं काय द्येनं न्हाय तुज्यावर." ते थांबले. "माजं बी न्हाय."

भागूनं ओठ दाताखाली धरला होता. मग तिनं विचारलं, "अप्पा, जेवलात का?"

"न्हाई अजून," अप्पा म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. फोन हातात असता तर त्यांनी तो नक्की बाजूला फिरवला असता. पण तो स्टँडवर होता, आणि तिला सगळं दिसत होतं.